हाकत नेलं

हॅगबेक, यॉर्कशर
२७ ऑगस्ट १९७४

प्रिय एडना,

तुझा भाऊ गेला. घाबरू नकोस, मेलाबिला नाही, नुसता गेला. त्याचं खाली लिहिते. आधी महत्त्वाचं.

मेटकाफनं वहीत माझ्या नावापुढे 'ड्रोव्ह' लिहिलंय. हाकत नेलं! अगं, मेंढरं हाकतात. मी नवऱ्याला चढ चढवत होते, बाजाराला नेत नव्हते.

तुला गाव सोडून अठरा वर्षं झाली, पण शर्यतीचे नियम आहेत तेच आहेत. ओटचं पोतं पाठीवर घेऊन खालच्या पुलापासून वर चर्चच्या फाटकापर्यंत. पोतेवाल्याच्या पुढे, त्याच्या तोंडाकडे तोंड करून उलटं चालणारी एक 'पुढली'. तिनं फक्त जीभ चालवायची, हात लावायचा नाही. आणि बाजूनं मेटकाफ, वही-पेन्सिल घेऊन. शेवटी पुढलीच्या नावासमोर एकच शब्द लिहायचा, तिनं कसं नेलं तो. माझ्या आईला अकरा वर्षं ओळीनं 'कोक्स्ड' मिळाला. गोंजारून नेलं. ती बोलायला लागली की पोतं हलकं व्हायचं असं लोक अजून सांगतात. (बाबांना विचारलं असतं तर ते वेगळं बोलले असते, पण ते कुठं काही बोलायचे.) मला दरवर्षी 'अर्ज्ड' मिळतो. कळकळीनं रेटलं. त्यावर मी कधी कुरकुर केली नाही. पण 'ड्रोव्ह'! दीडशे वर्षांच्या वहीत आजवर दोनच आहेत, आणि त्यातल्या एकीचा नवरा पोत्यासकट ओढ्यात गेला होता.

शब्द अजून पेन्सिलीतच आहे. पाच ऑक्टोबरला सुगीच्या जेवणात सगळ्यांसमोर वाचून दाखवतील, मग त्यावर शाई. शाई चढली की संपलं. मेटकाफ तुझ्या हाताखाली इंग्रजी शिकलाय, तुझ्या छड्या खाल्ल्यात त्यानं. त्याला दोन ओळी लिही की शब्द बदलून 'एन्करेज्ड' कर. उत्तेजन दिलं. मी तेवढंच केलं.

आता सिरिलचं. फाटक दहा पावलांवर होतं. पर्सी हार्कर पार मागे वळणाखाली धापा टाकत होता. आणि सिरिलनं पोतं उतरवलं. झोपलेलं मूल ठेवावं तसं अलगद भिंतीशी ठेवलं आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगानं उतरायला लागला. मला वाटलं, नैसर्गिक विधीला गेला असेल. आज तीन दिवस झाले.

विल्फच्या मेंढवाड्यात रुसून बसला असणार. दुसरं कोण ठेवून घेणार त्याला? मी रोज स्ट्यूचं भांडं तिकडे पाठवते. गावात सांगितलंय की तुझी छाती धरलीय आणि तो तुझ्या सेवेला आलाय. तेव्हा कुणी फोन केला तर खोक.

तुझी वहिनी,
आयव्ही


स्कार्बरो
३१ ऑगस्ट

प्रिय आयव्ही,

खोकले. डॉली हार्करचा फोन होता. चांगली दोन मिनिटं खोकले, तिला पलीकडून घाम फुटला असावा. म्हणाली, "सिरिलला द्या ना जरा." म्हटलं, "तो औषध आणायला गेलाय." खोटं बोलताना मला जेवढा त्रास व्हायला हवा तेवढा झाला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

मेटकाफला लिहायला माझी हरकत नाही. पण मी वीस वर्षं त्याच पोरांना सांगितलं की शब्द मोजून वापरा. तेव्हा आधी बघू दे.

'एन्करेज' करायचं तर समोरचा आपणहून निघालेला लागतो. आपण त्याच्या छातीत थोडं बळ ओततो, बस. तो थांबला तर आपणही थांबतो. 'अर्ज्ड'मध्ये, म्हणजे रेटताना, पाय त्याचे असतात आणि घाई आपली. 'एग ऑन' म्हणजे भरीस घालणं, त्यात आपण कडेला उभं राहून मजा बघतो आणि तो पडला की हसायला मोकळे. 'स्पर' करायला टाच लागते, म्हणजे आपण त्याच्या पाठीवर बसलेलो असतो. आणि 'ड्राइव्ह' करणाऱ्याला पुढच्याचं तोंड दिसत नाही, कारण तो मागे काठी घेऊन असतो.

आता मला सांग, त्या दिवशी तू नेमकं काय बोललीस? "थोडंसं काहीतरी बोलले" असं नको. शब्द न् शब्द.

तो गेला याची काळजी करू नकोस. बाकी सगळं ठीक. मार्मलेडची बाटली हल्ली चार दिवसांत संपते. समुद्राची हवा.

एडना


हॅगबेक
४ सप्टेंबर

प्रिय एडना,

तूच बोललीस! ड्राइव्ह करणारा मागे असतो. मी कुठं होते? पुढे! उलटी चालत होते, माझ्या टाचा अजून सोलवटलेल्या आहेत. हे एवढंच मेटकाफला लिहून टाक, विषय संपला.

तरी तुला शब्द हवेत तर घे. लपवायला माझ्याकडे काय आहे?

पुलावर म्हणाले, "चल सिरिल, छान." याला कुणी हाकणं म्हणेल? पहिल्या वळणावर म्हणाले, "बघ, हार्कर लागलाय मागे, त्याचं पोट बघ आणि स्वतःचं बघ." दुसऱ्या वळणावर त्याच्या गुडघ्यानं कटकट केली, म्हणून म्हणाले, "तुझे वडील साठीत हेच पोतं शिट्टी वाजवत न्यायचे." तू त्यांची मुलगी, तूच सांग, वाजवायचे की नाही?

बरं, एकट्या मलाच का धरायचं? त्याला यंदा उतरायचं नव्हतं, गुडघ्यामुळे. मग पाद्रीबाबांनी रविवारी चर्चमध्ये अर्धा तास त्याच्याकडे बघत 'आपापलं ओझं' यावर प्रवचन दिलं. पबवाल्यानं तीन दिवस फुकट बिअर पाजली. डॉक्टर म्हणाले, थोडी हालचाल बरी. त्यांना वहीत कुठला शब्द मिळाला? काही नाही! आणि मी काय केलं? मी नुसतं त्याचं नाव नोंदवलं. त्याला विचारलं असतं तर उगाच वाद झाला असता, म्हणून सकाळी चिठ्ठी त्याच्या टोपीत ठेवली.

डॉली हार्करला काय मिळालं माहितीये? 'कोक्स्ड'! गोंजारून! पर्सीला वर नेताना ती अख्खा चढ भाजलेल्या सॉसेजबद्दल बोलत होती. हे गोंजारणं आहे की आमिष, तूच सांग. तू बाई शिकलेली.

सिरिल निवळतोय. स्ट्यूची भांडी विल्फकडून धुऊनपुसून परत येतात. भांडं धुतोय म्हणजे राग उतरतोय. बत्तीस वर्षांच्या संसारात एवढं तरी मला कळतं.

सुगीच्या जेवणाला एक महिना उरलाय. पत्र कधी टाकतेस?

आयव्ही


स्कार्बरो
९ सप्टेंबर

प्रिय आयव्ही,

तुझी यादी दोनदा वाचली. माणसाला न विचारता त्याचं नाव नोंदवणं आणि चिठ्ठी टोपीत ठेवणं, याला इंग्रजीत काय म्हणतात ते मी तीन कोशांत शोधतेय. सापडलं की कळवीन. एन्करेज नाही एवढं पक्कं.

पाद्रीबाबांनी केलं ते 'एग्झॉर्ट', म्हणजे उंचावर उभं राहून दुसऱ्याला चढायला सांगणं. त्यात सांगणाऱ्याला स्वतः चढावं लागत नाही, म्हणून तो शब्द मोठ्या लोकांना फार आवडतो. पबवाल्यानं भरीस घातलं. डॉक्टरनं सल्ला दिला, सल्ल्याची जबाबदारी कुणावरच नसते. सगळे सुटले हे खरंय. पण ते सुटले म्हणून तू सुटत नाहीस.

आणि वडिलांचं म्हणशील तर, ते पोतं नेताना शिट्टी वाजवायचे नाहीत. त्यांच्या छातीतून तो आवाज यायचा. आई रात्रभर शेक द्यायची.

तू पुढे होतीस हा तुझा मुद्दा मी मेटकाफला लिहूही शकते. पण तो विचारेल की पुढे होती, तोंडासमोर होती, मग चेहरा दिसला का? मी काय सांगू?

तेव्हा सरळ विचारते. तू तीन वाक्यं लिहिलीस. चौथं कुठंय? शेवटच्या वळणावर, भिंतीतल्या पत्रपेटीपाशी, तू जे बोललीस ते. तुझ्या पत्रात ते आलं नाही. ते लिही, मग माझं पत्र लगेच जाईल.

मी जबरदस्ती करत नाही. नुसतं सुचवते.

एडना


हॅगबेक
११ सप्टेंबर

एडना,

चौथं वाक्य आहे हे तुला कुणी सांगितलं?

मेटकाफ तेव्हा खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. हार्कर वळणाखाली होता. पत्रपेटीपाशी मी होते, सिरिल होता आणि एक मेंढी होती. मेंढीचा आणि तुझा पत्रव्यवहार नसावा.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच, पायात स्लिपर, विल्फच्या मेंढवाड्यावर गेले. आत सिरिल नाही. कधी नव्हताच! विल्फ एकटा, दोन हनुवट्या घेऊन बसलेला. अठरा दिवस माझा स्ट्यू चेपलाय त्यानं. वर मला म्हणतो, "चांगला होता आयव्ही, पण मीठ जरा हात राखून." मी विचारलं, "अरे, मग बोलला का नाहीस?" तर म्हणे, "तुम्ही विचारलं कुठं, तुम्ही नुसतं पाठवत होता."

म्हणजे मी गावभर खोटं सांगत फिरले की तो तुझ्याकडे आहे, आणि तो तुझ्याकडे आहे! मी खोटंसुद्धा धड बोलू शकत नाही. आणि तू तिकडे खोकत बसलीस! मार्मलेड, म्हणे समुद्राची हवा!

त्याला सांग, शनिवारच्या बसनं ये. सांग, न्हाणीघराचा नळ गळतोय. सांग, लोक विचारायला लागलेत. सांग, सुगीच्या जेवणाला माझ्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली तर मी त्या वहीची पानं खाईन, शाईसकट. सांगितलेलं ऐकत नसेल तर ऐकव. ऐकवलेलं ऐकत नसेल तर पाठव. पाठवता येत नसेल तर बसमध्ये घाल.

आणि चौथं वाक्य तुला माहीतच आहे, तर मीच लिहिते, निदान माझ्या अक्षरात असू दे. मी म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवलीस, एकदा तरी स्वतः कुठं पोच."

त्याच्या भल्यासाठीच म्हणाले. दम संपत आलेल्या माणसाला चेव यावा म्हणून. समोर पत्रपेटी होती, तो अडतीस वर्षं पोस्टमन, तोंडात आलं ते बोलले. हार्करच्या बायकोला सॉसेज सुचतात, मला हे सुचलं.

तू विचारलंस, चेहरा दिसला का. तो माझ्याकडे बघत होता हे मला माहीत आहे. मी बघत नव्हते. फाटक किती राहिलं ते मी मान वळवून बघत होते.

हे मेटकाफला लिहू नकोस.

आयव्ही


स्कार्बरो, मिसेस थ्वेट यांची खानावळ
१६ सप्टेंबर

आयव्ही आणि एडना,

कार्बन लावून लिहितोय. दोघींना सारखंच. वरची प्रत कुणाला मिळाली यावरून भांडू नका, मी न बघता पाकिटात घातली आहे.

एडनाकडून मी निघालो. भांडण नाही. एडना मला कधी काही सांगत नाही, ती सुचवते. पहिल्या आठवड्यात तिनं सुचवलं की स्वयंपाकघराला रंग बरा दिसेल. दुसऱ्या आठवड्यात सुचवलं की निळा. मग सुचवलं की छत राहिलंय. शुक्रवारी सुचवलं की मी आयव्हीला पत्र लिहावं, आणि शनिवारी त्याचा मसुदा माझ्या ताटाशेजारी ठेवला. मसुदा चांगला होता. स्वल्पविराम योग्य जागी होते. रविवारी मी बॅग भरली.

आयव्ही, तू बोललीस ते लागलं. पण पोतं त्यामुळे नाही ठेवलं. ते वाक्य ऐकून मी दोन पावलं आणखी चाललो होतो. मग मला वाटलं, वर हे ओट कुणाला हवेत? कुणालाच नकोत. सोमवारी तेच पोतं हार्करच्या गाडीतून परत खाली येतं. माझ्या पोस्टाच्या थैलीत निदान प्रत्येक पत्राची कुणीतरी वाट बघत असायचं. हे मला एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं आणि एकदम हसू आलं. पाठीवर पोतं असताना हसता येत नाही, म्हणून खाली ठेवलं.

सध्या मी किनाऱ्यावर कापडी खुर्च्या मांडतो. हंगाम संपेपर्यंतचं काम आहे. लोक येतात, बसतात. आज एक म्हातारा साडेचार तास बसला होता. मी त्याला काही म्हटलं नाही. तो मला काही म्हणाला नाही. जाताना म्हणाला, "छान झालं." अडतीस वर्षांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं.

परत यायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. आयव्ही, पत्र पाठवलंस तर वाचीन. फक्त त्यात माझ्याकडून काही करून घ्यायचं नसावं. नळ नको, बस नको, खुर्ची नको. असं पत्र तुला जमेल असं मला वाटत नाही. डिवचायला म्हणत नाही, खरंच वाटत नाही.

सिरिल


स्कार्बरो
१८ सप्टेंबर

प्रिय आयव्ही,

मला कार्बनची प्रत मिळाली.

मी नुसतं सुचवलं! मला वाटायचं, सगळ्या शब्दांत हाच सर्वांत सभ्य. आवाज चढत नाही, बोट लागत नाही, आणि भिंत निळी होते. काल सगळे कोश काढून बसले आणि एक गोष्ट लक्षात आली. सुचवणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, कारण त्यानं काही मागितलेलंच नसतं. तू निदान तोंडावर बोलतेस. मी तुझ्यापेक्षा वाईट असेन. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

"तुला जमेल असं वाटत नाही" हे मात्र अस्सल डिवचणं आहे, तो काही म्हणो. आपल्या घराण्यात कुणी स्वच्छ नाही.

तू त्याला लिही. घाई नाही. पण शुक्रवारच्या टपालात टाकलंस तर शनिवारी त्याच्या हातात पडेल, आणि कागद जाड घे, आणि सुरुवात कोंबड्यांपासून केलीस तर

नाही. तुला हवं ते कर.

छत अर्धं राहिलंय.

एडना


हॅगबेक
२१ सप्टेंबर

सिरिल,

घरात एकच कागद उरलाय, त्यामुळे खाडाखोड दिसेल.

कोंबड्या बऱ्या आहेत. तपकिरी कोंबडी तुझी वाट (खोडलंय, वाचू नकोस). तपकिरी कोंबडी अंडी देते.

काल पाऊस झाला. परसातलं दार फुगलं, आता लागत नाही, कुणीतरी रंधा (खोडलंय). दार लागत नाही. मी उघडंच ठेवते.

मिसेस बेलच्या मुलीला मुलगा झाला. नाव अजून ठेवलेलं नाही. घरात चार नावं चाललीत आणि सगळ्यांचा आवाज चढलाय.

सफरचंदं पिकलीत. खालच्या फांद्यांची मी काढली. वरची पाखरं खातात. मी अर्धा तास खिडकीतून त्यांना बघत होते. शिडी (खोडलंय). पाखरं खूप आहेत.

मी काल दुपारी खुर्ची अंगणात नेऊन बसले. तुझं वाचून. किती वेळ बसता येतं बघू म्हटलं. वीस मिनिटं. मग उठून खुर्चीचे पाय पुसले. आज पुन्हा बसले, पस्तीस मिनिटं.

पत्रपेटीपाशी मी बोलले ते वाईट होतं. त्याला उत्तर नको आहे. नुसतं सांगितलं.

माझी तब्येत बरी आहे. इथं संध्याकाळी सातला अंधारायला लागलंय.

आयव्ही


पोस्टकार्ड, स्कार्बरो
२५ सप्टेंबर

आयव्ही, तू खरंच बरी आहेस ना? डॉक्टरला दाखवलंस का? असं पत्र तू बत्तीस वर्षांत लिहिलं नाहीस. मिसेस थ्वेटना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, बाई शेवटचं आवरतेय. येत्या आठवड्यात खुर्च्या गोदामात जातील. गुरुवारी, तीन तारखेला, दुपारच्या बसनं येतो. राहायचं की नाही ते आल्यावर. थांब्यावर कुणी येऊ नये.
सिरिल


हॅगबेक
३ ऑक्टोबर

प्रिय एडना,

हात कशात तरी गुंतवायचेत म्हणून तुला लिहितेय. चार वाजायला दहा कमी आहेत. बस चारला पुलावर येते.

सकाळी मेटकाफकडे गेले. वही पुढ्यात घेऊनच बसला होता. म्हणाला, "एडनाबाईंचं पत्र नाही आलं, पण तुमचं म्हणणं असेल तर 'अर्ज्ड' करतो. बाराव्या वर्षी बारावा. कुणाला कळणार?" खोडरबर हातात होतं त्याच्या. मी म्हटलं, "राहू दे. शाई मार." तो म्हणाला, "आयव्ही, परवा सगळ्यांसमोर वाचायचंय." म्हटलं, "मला ऐकू येतं." डॉली हार्कर दारात उभी होती, तिला ते ऐकून दोन दिवस झोप लागणार नाही. मी मुद्दाम नाही केलं. थोडं मुद्दाम केलं.

पण तुला खरं सांगते, शब्द चुकीचाच आहे. हाकणाऱ्याला कुठं जायचंय ते माहीत असतं.

मी थांब्यावर जाणार नाही. सकाळपासून तीन वेळा कोट घातला आणि काढला. त्याला आवडतो तो केक करणार होते, तोही नाही केला. केक म्हणजे सॉसेजच की. घरात पाव आणि चीज आहे, जसं गुरुवारी असतं तसं. तो आला आणि परत जातो म्हणाला तर मी काय करेन माहीत नाही. तेव्हा "बरं" एवढाच शब्द म्हणायचा असं ठरवलंय. आरशासमोर म्हणून बघितला. पहिल्यांदा धमकीसारखा आला, दुसऱ्यांदा रडल्यासारखा. तिसऱ्यांदा मी प्रयत्न सोडला.

पुलावर बस वळली. आवाज येतोय.

थांबली.

मी खिडकीशी गेलेले नाही. पडदाही हलवला नाही. थांब्यापासून इथवर मला चार मिनिटं लागतात, त्याला गुडघ्यामुळे सहा. आठ झाली. कदाचित उतरलाच नसेल. कदाचित उतरून तिथंच उभा असेल आणि ठरवत असेल. ठरवू दे.

फाटक वाजलं.

तो आत आलाय, एडना. उन्हानं काळा झालाय, बॅग हातातच आहे, खाली ठेवलेली नाही. मी मान वर केली. त्याच्याकडे बघितलं. किती राहिलं वगैरे काही बघितलं नाही, नुसतं त्याच्याकडे. त्यानं विचारलं, "कुणाला लिहितेयस?" मी म्हटलं, "एडनाला." तो म्हणाला, "बरी आहेस?" मी म्हटलं, "बरी आहे." मग मी पुन्हा लिहायला लागले, कारण थांबले असते तर बोलले असते.

तो उभाच आहे. एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेतोय. परसातल्या दाराकडे बघतोय. मी इकडे एकेक अक्षर कोरतेय.

आता बॅग ठेवली. म्हणतोय, "अगं, संपव की ते पत्र. किती वेळ! एवढ्या लांबून माणूस आलाय, चहा टाकशील की नाही? ऊठ, ऊठ लवकर."

उठते.

आयव्ही